हेडलेस आशय व्यवस्थापन प्रणालीची निवड

हेडलेस आशय व्यवस्थापन प्रणाली (प्रचलित नाव : हेडलेस सीएमएस) ही मजकूर, छायाचित्रे व त्यांविषयीची माहिती साठवणारी आणि संपादकांना ती हाताळण्याची सोय देणारी संगणक प्रणाली होय. साठवलेला मजकूर वाचकाला कोणत्या रूपात दिसावा, हे मात्र ती ठरवत नाही. पारंपरिक प्रणालीत मजकुराची साठवण आणि पानाची मांडणी एकाच आज्ञावलीत असते. हेडलेस प्रणालीत मांडणीचा दर्शनी भाग, म्हणजेच ‘हेड’, काढून टाकलेला असतो. मजकूर एपीआयमार्फत, बहुधा जेसन स्वरूपात, बाहेर दिला जातो. संकेतस्थळ, मोबाइल ॲप, माहितीफलकावरील पडदा किंवा ध्वनिमार्गदर्शक यांपैकी ज्याला जसा हवा तसा तो घेऊन दाखवतो.

अशा प्रणालीची निवड हा विकसक संघापुढील दीर्घ परिणामांचा निर्णय असतो. दर्शनी भाग काही वर्षांनी जुना दिसू लागला की तो टाकून नवा लिहिता येतो. मजकुराची रचना, त्याचे स्वरूप आणि तो ज्या परवान्याखाली व ज्या सर्व्हरवर ठेवला आहे त्या अटी मात्र सहज बदलता येत नाहीत. त्यामुळे सोयींच्या याद्या शेजारी-शेजारी ठेवून केलेली तुलना बऱ्याचदा अपुरी पडते. मजकूर कोणत्या घडणीत राहील, तो कोण संपादित करील आणि उद्या तो अखंड बाहेर काढता येईल का, हे तीन प्रश्न आधी सुटावे लागतात.

पार्श्वभूमी

ड्रुपल (२००१) व वर्डप्रेस (२००३) या प्रणाली आल्या तेव्हा मजकूर दाखवण्याचे ठिकाण एकच होते : संगणकावरील ब्राउझर. स्मार्टफोनचा प्रसार झाल्यावर तोच मजकूर ॲपमध्येही लागू लागला आणि एचटीएमएलच्या पानात मिसळलेला मजकूर वेगळा काढण्याचे काम विकसकांवर आले. २०१३ साली बर्लिनमध्ये स्थापन झालेल्या कंटेंटफुलसारख्या कंपन्यांनी केवळ एपीआयद्वारे मजकूर पुरवणारी सेवा विकण्यास सुरुवात केली. जुन्या प्रणालीही मागे राहिल्या नाहीत. वर्डप्रेसने डिसेंबर २०१६ मधील ४.७ या आवृत्तीत मजकुरासाठीचा रेस्ट एपीआय गाभ्यात घेतला, तर ड्रुपलने मे २०१९ मधील ८.७ या आवृत्तीत जेसन:एपीआय अंगभूत केला. त्यामुळे आज ‘हेडलेस’ हा शब्द विशिष्ट उत्पादनापेक्षा वापराच्या पद्धतीला अधिक लागू पडतो.

मराठी वाचकाला रूप आणि आशय यांच्या फारकतीचे महत्त्व वेगळ्या अनुभवातून ठाऊक आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर श्री-लिपी किंवा डीव्ही-टीटी सुरेख यांसारख्या टंकांच्या स्वतःच्या संकेतांत साठवला जात असे. संगणकाच्या लेखी तो मजकूर म्हणजे अक्षरांच्या आकारांची क्रमवारी होती. टंक बसवलेला नसेल, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसे. शोध चालत नसे आणि एका टंकातील मजकूर दुसऱ्यात नेण्यासाठी परिवर्तक लागत. मजकूर आणि त्याचे दिसणे एकत्र बांधले की काय होते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. आजच्या प्रणालींत अक्षरे युनिकोडमध्येच असतात. परंतु परिच्छेद, शीर्षके, चित्रे व दुवे यांची घडण प्रत्येक प्रणाली आपापल्या पद्धतीने साठवते, आणि जुना प्रश्न एक पायरी वर सरकून पुन्हा उभा राहतो.

आशयाची रचना : दौलताबादचे उदाहरण

आशयाची रचना, म्हणजे कोणत्या प्रकारच्या नोंदी असतील, प्रत्येकीत कोणते रकाने असतील आणि त्या एकमेकींशी कशा जोडल्या जातील, हे प्रणाली निवडण्यापूर्वी कागदावर मांडणे इष्ट असते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील दौलताबाद किल्ल्याची माहिती देणारे संकेतस्थळ आणि ॲप एखाद्या संघाला बनवायचे आहे, असे कल्पिले तर ही मांडणी किती गुंतागुंतीची ठरते ते दिसते.

पहिली अडचण नावाची आहे. यादवांची राजधानी असलेली देवगिरी मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी तेथे हलवल्यावर दौलताबाद झाली. दोन्ही नावे आजही वापरात आहेत आणि इतिहासलेखनात काळानुसार दोन्ही बरोबर आहेत. शेजारच्या शहराचेही तसेच आहे. औरंगाबादचे नाव छत्रपती संभाजीनगर करण्यास केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्यता दिली. ज्या संकेतस्थळांवर शहराचे नाव शेकडो पानांच्या मजकुरात थेट टंकलेले होते, त्यांना शोध-बदल करण्याखेरीज मार्ग नव्हता. आंधळा शोध-बदल येथे चूक ठरतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा जुना निकाल, १९८० सालच्या पुस्तकाचे शीर्षक किंवा मोगलकालीन उल्लेख यांतील नाव बदलले, तर माहितीच खोटी होते.

यावर उपाय असा की, ‘स्थळ’ हा नोंदींचा स्वतंत्र प्रकार करावा. त्यात नावांची यादी असावी आणि प्रत्येक नावासोबत ते कोणत्या काळात लागू होते ते नोंदवावे. लेखातून त्या स्थळाकडे केवळ संदर्भ द्यावा. पत्ता, मार्ग, नकाशा यांत आजचे नाव आपोआप उमटते, तर उद्धृतातील नाव लेखकाने लिहिले तसेच राहते. म्हणून प्रणाली तपासताना एका नोंदीत पुनरावृत्त होणारा रकान्यांचा गट ठेवता येतो का आणि नोंदींचे परस्परसंबंध दोन्ही बाजूंनी वाचता येतात का, हे पाहावे लागते. बहुतेक प्रणाली पहिले करतात. दुसऱ्याबाबत त्यांच्यात मोठा फरक आढळतो.

दुसरी अडचण काळाची. जवळजवळ प्रत्येक प्रणालीत ‘दिनांक’ नावाचा रकाना असतो आणि तो दिवस, महिना व वर्ष मागतो. किल्ल्यातील चांद मिनार पंधराव्या शतकातील बहमनी काळाचा असून त्याच्या बांधणीचे नेमके वर्ष वेगवेगळे दिले जाते. मूळ साधनांत कालनिर्देश शकात किंवा हिजरी सनात असू शकतो. अशा माहितीला दिनांकाच्या रकान्यात कोंबले, तर संपादक नाइलाजाने १ जानेवारी ही तारीख घालतो आणि काही महिन्यांनी ॲप ‘चांद मिनाराचा वर्धापनदिन’ साजरा करू लागते. वाचकाला दाखवायचा कालनिर्देश मजकूर म्हणून आणि क्रमवारीसाठी आरंभ व अखेर अशी दोन वर्षे संख्या म्हणून ठेवणे हा सोपा तोडगा आहे. तो कोणत्याही प्रणालीत करता येतो, परंतु आधी सुचावा लागतो.

वास्तू, व्यक्ती व घटना यांचे परस्परसंबंध हा या उदाहरणाचा सर्वांत समृद्ध भाग. अंबरकोट, महाकोट व कालाकोट या तटबंद्या आणि त्यांच्या आतील वास्तू असा एक पदानुक्रम आहे. चिनी महाल ही वास्तू गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याच्या कैदेशी जोडलेली आहे आणि ती घटना औरंगजेबाच्या दख्खन मोहिमेशी. पर्यटकाला वास्तूंचा क्रम चढणीच्या वाटेने हवा असतो, अभ्यासकाला काळाने, तर शाळकरी मुलाला मेंढा तोफ आधी हवी असते. एकाच नोंदींतून हे तिन्ही क्रम निघावेत, यासाठीच हेडलेस पद्धत आहे. तीनही ठिकाणी तोच मजकूर तीनदा लिहिला जाणार असेल, तर तिच्यावर केलेला खर्च वाया गेला असे समजावे.

खडकात खोदलेल्या अंधारी या भुयारी मार्गासारख्या ठिकाणी मोबाइलच्या जोडणीवर विसंबता येत नाही. ॲपला मजकूर आधीच उतरवून ठेवावा लागतो. त्यासाठी ‘अमुक वेळेनंतर बदललेल्या नोंदी’ एवढेच मागण्याची सोय एपीआयमध्ये हवी. हटवलेल्या नोंदींची वार्ताही मिळायला हवी, अन्यथा संकेतस्थळावरून काढलेली चुकीची माहिती पर्यटकाच्या फोनमध्ये जिवंत राहते.

मराठी मजकुराच्या कसोट्या

प्रणालींच्या परिचयपत्रांत ‘बहुभाषिक’ हा शब्द असतोच. तो बहुधा एका नोंदीची अनेक भाषांतील रूपांतरे ठेवता येतात, एवढ्यापुरता असतो. ड्रुपलमध्ये ही सोय २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून गाभ्यात आहे. वर्डप्रेसच्या गाभ्यात ती नाही, पॉलिलँग किंवा डब्ल्यूपीएमएलसारखे प्लगइन लागते. कंटेंटफुल प्रत्येक रकान्याला भाषानिहाय मूल्य देते. मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तीन भाषांतील संकेतस्थळासाठी हे तपासणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही.

‘पायऱ्या’ हा किल्ल्याच्या वर्णनात हमखास येणारा शब्द घ्यावा. त्यातील अर्धा रकार दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो : ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, किंवा ‘र’ला हलन्त व त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोडचे प्रमाणीकरण या दोहोंना एकरूप करत नाही. त्यामुळे एका कळफलकाने लिहिलेल्या ‘पायऱ्या’ दुसऱ्या कळफलकाने शोधल्यास सापडत नाहीत. मजकूर साठवण्यापूर्वी त्याचे एकरूपीकरण करणारी छोटी आज्ञावली प्रणालीत बसवता येते का, हा प्रश्न येथे कळीचा ठरतो. स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या स्ट्रापी, डायरेक्टस, पेलोड यांसारख्या प्रणालींत साठवणीच्या आधी अशी आज्ञावली चालवता येते. भाड्याने घेतलेल्या सेवांत ती बहुधा बाहेरून, मजकूर साठवला गेल्यानंतर, चालवावी लागते.

शोधाची दुसरी बाजू शब्दरूपांची. ‘किल्ला’ शोधणाऱ्याला ‘किल्ल्याच्या’, ‘किल्ल्यावर’, ‘किल्ल्यांतील’ असलेली पानेही हवी असतात. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसच्या अंगभूत शब्दशोधात हिंदीसाठी मूळ शब्द ओळखण्याची सोय आहे, मराठीसाठी नाही. म्हणून प्रणालीसोबत येणाऱ्या शोधावर अवलंबून न राहता स्वतंत्र शोधयंत्र जोडावे लागेल, हे अंदाजपत्रकात आधीच धरलेले बरे.

वर्णानुक्रमाचाही घोळ होतो. मराठी कोशांत ळ, क्ष, ज्ञ हे ह नंतर येतात. युनिकोडच्या संकेतक्रमात ळ हा ल च्या लगेच पुढे आहे. वर्णक्रमाचा भाषानिहाय नियम डेटाबेसला सांगावा लागतो आणि तो सांगण्याची मुभा प्रणालीने विकसकाला ठेवलेली असावी लागते.

पानाच्या पत्त्यातील नाव, ज्याला विकसक स्लग म्हणतात, हा आणखी एक चकवा. काही प्रणाली रोमन नसलेली अक्षरे गाळून टाकतात आणि मराठी शीर्षकाचा स्लग रिकामा उरतो. वर्डप्रेस देवनागरी स्लग स्वीकारते, परंतु तो टक्केचिन्हांच्या संकेतात साठवते. त्यात प्रत्येक देवनागरी चिन्हाला नऊ जागा लागतात आणि रकान्याची मर्यादा २०० असल्याने सुमारे बावीस चिन्हांनंतर नाव कापले जाते. काना-मात्रा व अनुस्वारही स्वतंत्र चिन्हे असल्यामुळे ‘दौलताबाद किल्ल्यातील चांद मिनार’ एवढे शीर्षकही पूर्ण बसत नाही.

मोडी कागदपत्रे देणाऱ्या संकेतस्थळासाठी एक वेगळी खबरदारी लागते. देवनागरीच्या अक्षराला यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात, तर २०१४ साली युनिकोडमध्ये आलेल्या मोडी लिपीच्या अक्षराला चार. मायएसक्यूएलमधील ‘यूटीएफ८’ हा जुना प्रकार तीनच बाइट साठवतो. अशा डेटाबेसवर मराठीची चाचणी निर्दोष उतरते आणि मोडीचे पहिलेच अक्षर अडते. ‘यूटीएफ८एमबी४’ हा प्रकार निवडल्यास ही अडचण राहत नाही.

प्रमुख पर्याय

स्वतःच्या सर्व्हरवर चालवण्याच्या प्रणालींत स्ट्रापी ही नोड.जेएसवर आधारित फ्रेंच मूळाची प्रणाली बरीच वापरली जाते. आशयाचे प्रकार तिच्या पटलावरच तयार करता येतात, हे तिचे आकर्षण. डायरेक्टस उलट्या दिशेने जाते : ती आधीपासून असलेल्या एसक्यूएल डेटाबेसवर बसते आणि त्याच्या तक्त्यांनाच संपादनाचे पटल देते. एखाद्या संस्थेकडे नोंदींचे तक्ते तयार असतील, तर ही पद्धत सोयीची. पेलोडमध्ये आशयाची रचना टाइपस्क्रिप्ट संहितेत लिहिली जाते. त्यामुळे रचनेतील प्रत्येक बदल संहितेच्या इतिहासात नोंदला जातो, मात्र विकसकाविना रकानाही वाढवता येत नाही. पायथन जाणणाऱ्या संघासाठी जँगोवर उभी असलेली वॅगटेल आहे.

सेवा म्हणून मिळणाऱ्या प्रणालींत कंटेंटफुल, सॅनिटी, स्टोरीब्लॉक व हायग्राफ ही परिचित नावे. यांत सर्व्हर सांभाळण्याचे काम उरत नाही. लहान संघाला हा मोठा दिलासा असतो. देयक मात्र एपीआयची मागणी, वापरकर्त्यांची किंवा नोंदींची संख्या यांवर वाढते आणि बहुधा परकीय चलनात येते.

गिटवर आधारित डेकॅपसारख्या प्रणालींत मजकूर साध्या मार्कडाउन फाइलींत राहतो. बाहेर पडण्याच्या दृष्टीने याहून सुरक्षित जागा नाही, परंतु परस्परसंबंध गुंतागुंतीचे झाले की ही पद्धत तोकडी पडते. वर्डप्रेस हेडलेस पद्धतीने वापरण्याचा मार्ग विकसकांना फारसा रुचत नाही. तरीही त्याचे संपादनपटल मराठीत उपलब्ध आहे आणि ते वापरलेली माणसे गावोगाव सापडतात, ही बाजू हलकी लेखण्यासारखी नाही.

परवाना व बाहेर पडण्याची वाट

‘मुक्त स्रोत’ हा शब्द परवाना वाचल्याशिवाय गृहीत धरू नये. डायरेक्टसने २०२३ साली दहाव्या आवृत्तीबरोबर जीपीएल परवाना सोडून बिझनेस सोर्स परवाना घेतला. त्यानुसार ठरावीक वार्षिक उलाढालीवरील संस्थांना व्यापारी परवाना घ्यावा लागतो आणि प्रत्येक आवृत्ती काही वर्षांनी पुन्हा जीपीएलखाली येते. लहान संस्थेला याने फरक पडत नाही. मोठ्या शासकीय किंवा औद्योगिक ग्राहकासाठी काम करणाऱ्या संघाला पडतो. स्ट्रापीचा गाभा एमआयटी परवान्याखाली असला, तरी काही सोयी सशुल्क आवृत्तीतच मिळतात. आपल्याला अत्यावश्यक असलेली सोय कुंपणाच्या कोणत्या बाजूला आहे, ते आधी पाहावे.

मालकी बदलते, दिशाही बदलते. नेटलिफाय सीएमएस २०२३ मध्ये दुसऱ्या हाती जाऊन डेकॅप झाली. पेलोड जून २०२५ मध्ये फिग्मा कंपनीने विकत घेतली. स्ट्रापीने चौथ्या आवृत्तीत मोंगोडीबीचा आधार काढून घेतला आणि त्या डेटाबेसवर उभारलेल्या प्रकल्पांना एसक्यूएलकडे स्थलांतर करणे किंवा जुन्या आवृत्तीवर थांबणे, एवढेच पर्याय उरले. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. प्रणाली बनवणाऱ्यांचे हिशेब आणि ती वापरणाऱ्यांचे हिशेब वेगळे असतात, इतकेच.

यामुळे निर्यातीची चाचणी निवडीच्या आधीच घ्यावी. दोन-तीन नमुना लेख, त्यांत एक तक्ता, एक चित्र, एक तळटीप आणि दुसऱ्या नोंदीकडे जाणारा दुवा घालून सर्व मजकूर बाहेर काढावा व दुसऱ्या प्रणालीत भरून पाहावा. साध्या रकान्यांतील माहिती जवळजवळ नेहमी सुखरूप जाते. अडते ते लेखाच्या मुख्य मजकुरापाशी. सॅनिटी तो पोर्टेबल टेक्स्ट या स्वरूपात ठेवते, कंटेंटफुलचे स्वतःचे जेसन आहे, वर्डप्रेस टिप्पणीचिन्हे मिसळलेले एचटीएमएल देते. चित्रांचे पत्ते जुन्याच सेवेच्या सर्व्हरकडे बोट दाखवत राहतात, हा दोष तर सेवा बंद केल्यावरच लक्षात येतो. आवृत्तींचा इतिहास, म्हणजे कोणी केव्हा काय बदलले, हा बहुधा मागेच राहतो.

संपादकाची बाजू

निवड विकसक करतात आणि वापर संपादक. हेडलेस प्रणालीत संपादकाला रकाने दिसतात, पान दिसत नाही. प्रकाशनापूर्वी पान कसे दिसेल हे दाखवणारे पूर्वदर्शन बऱ्याच प्रणालींत संघालाच बांधावे लागते. ते पुढे ढकलले की संपादक मजकूर प्रकाशित करून पाहण्याची सवय लावून घेतात आणि अपुरी पाने वाचकांपर्यंत जातात. स्टोरीब्लॉकने दृश्य संपादनावर भर दिला आहे, इतरांनीही पुढे तशा सोयी आणल्या. चाचणीच्या वेळी खरा संपादक बसवून, त्याच्या नेहमीच्या मराठी कळफलकावर, अर्धा तास काम करू देणे हे कोणत्याही तुलनातक्त्यापेक्षा अधिक सांगते.

हेडलेस पद्धत अनावश्यक ठरते तेव्हा

मजकूर एकाच संकेतस्थळावर दिसणार असेल, पाने मोजकी असतील आणि संघ विखुरणार असेल, तर साधी पारंपरिक प्रणालीच योग्य. हेडलेस पद्धतीत दोन आज्ञावल्या अद्ययावत ठेवाव्या लागतात आणि त्यांतील एक बंद पडली तरी वाचकाला रिकामे पान दिसू शकते. शासकीय कार्यालयांपुढे तर हा प्रश्न अनेकदा येतच नाही. जिल्ह्यांची संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एसथ्रीवास या सामाईक व्यासपीठावर चालतात आणि सुलभतेचे नियम तेथे साच्यातच अंतर्भूत असतात.

विकिडेटा

ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालेला विकिडेटा हा प्रकल्प रूढ अर्थाने हेडलेस सीएमएस नव्हे, पण आशय व रूप यांच्या फारकतीचा तो सर्वांना खुला असलेला नमुना आहे. किल्ल्याचे अक्षांश-रेखांश, छायाचित्र व विविध भाषांतील नावे तेथे एकदा नोंदवली की वेगवेगळ्या भाषांतील विकिपीडियांच्या माहितीचौकटी ती घेऊ शकतात. माहिती सीसी०खाली असल्याने कोणत्याही संघाला ती आपल्या प्रणालीत विनाअट वापरता येते. एका नावाला लागू होणारा आरंभ व अखेरचा काळ जोडण्याची सोय तेथे आहे, म्हणजे देवगिरी-दौलताबादचा प्रश्न तेथे रचनेतच सोडवलेला दिसतो.

मर्यादाही तेथेच दिसते. एका नोंदीतील चूक सर्व भाषांत एकदम उमटते आणि मराठी लेखावर लक्ष ठेवणाऱ्या संपादकाला लेखात बदल झाल्याचे सहसा कळत नाही, कारण बदल लेखात झालेलाच नसतो. विकसक संघाच्या खासगी प्रणालीतही हेच घडते. ‘स्थळ’ नोंद कोणी बदलली, तिच्यावर कोणकोणती पाने अवलंबून आहेत आणि बदल प्रकाशित होण्यापूर्वी तो कोणाच्या नजरेखालून गेला, हे सांगणारी सोय नसलेली प्रणाली मोठ्या संदर्भप्रकल्पासाठी घेऊ नये.